घड्याळात ठोके तेवढेच, मग ट्रेडमिल जड आणि झिम्मा हलका का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुमचं वय ४४, बँकेत नोकरी, उंची पाच फूट एक इंच, वजन ७२ किलो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितलं. तुम्ही जिम लावलीत. ट्रेनरने ट्रेडमिल ताशी ६ किलोमीटरच्या वेगावर लावून दिली. तिथली पंचवीस मिनिटं संपता संपत नाहीत, घरी येताना चिडचिड होते आणि दुसऱ्या दिवशी जावंसं वाटत नाही. याच काळात सोसायटीतल्या मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये तुमचं नाव घातलं गेलं. तिथे दोन तास कसे जातात कळत नाही आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा मन प्रसन्न असतं. मनगटावरचं घड्याळ मात्र दोन्हीकडे हृदयाचे ठोके मिनिटाला १३० च्या आसपासच दाखवतं. तुमच्या घरात म्हणतात, "जे केल्यावर दमल्यासारखं वाटत नाही तो व्यायाम कसला?" आणि तुम्हालाही तसंच वाटू लागलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साताऱ्यात माझं क्लिनिक आहे आणि गेली बावीस वर्षं हृदयविकार, मधुमेह आणि गुडघेदुखी असलेल्या लोकांकडून व्यायाम करून घेणं हेच माझं रोजचं काम आहे. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: झिम्मा हा व्यायाम आहे, आणि तो हलका वाटणं हा त्यातला दोष नाही. ज्या माणसाला आयुष्यभर हालचाल चालू ठेवायची आहे, त्याच्यासाठी ते सगळ्यांत मोठं भांडवल आहे. मात्र तुमच्या साखरेसाठी तो एकटा पुरेल का, हे चार-पाच गोष्टींवर अवलंबून आहे. त्या पुढे सांगते.

श्रम किती झाले आणि श्रम किती जाणवले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात जाणवणाऱ्या श्रमांसाठी एक मोजपट्टी तयार केली. ती ६ पासून २० पर्यंत जाते. तरुण निरोगी माणसाचे ठोके साधारण ६० ते २०० या दरम्यान असतात, म्हणून आकडा दहाने गुणला की अंदाजे ठोके मिळावेत, असा त्यामागचा विचार होता. माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर ती मराठीत लावलेली आहे: ९ ला 'अगदी हलकं', ११ ला 'हलकं', १३ ला 'थोडं जड', १५ ला 'जड', १७ ला 'खूप जड'. माणूस व्यायाम करत असताना मी एका हाताने त्याची नाडी धरते आणि विचारते, "आत्ता कितीवर आहात?" बावीस वर्षांत नाडी आणि आकडा एकमेकांपासून लांब गेलेले मी इतक्या वेळा पाहिलेत की आता दोन्ही टिपल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एक उदाहरण सांगते. अँजिओप्लास्टी झालेले एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे यायचे. ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू होती. ट्रेडमिलवर ठोके ९६ झाले की ते बोट १५ वर ठेवायचे, चेहरा आंबलेला, नजर सतत वेळेच्या आकड्यावर. एकदा त्यांनी घरच्या परसात वांग्याचे वाफे केले त्या दिवशी मी त्यांना मुद्दाम सांगितलं होतं, की थांबलात की लगेच नाडी मोजा आणि आकडा लिहून ठेवा. त्यांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून आणलं: ठोके ९८, आकडा ११. हृदय तेच, गोळी तीच, ठोके दोनने जास्तच, आणि जाणवलेले श्रम चार अंकांनी कमी. कुदळीचं काम त्यांना लहानपणापासून येत होतं, वाफा पुढे सरकताना डोळ्यांना दिसत होता, आणि कधी थांबायचं ते त्यांच्या हातात होतं.

तुमच्या बाबतीतही मला हेच घडताना दिसतंय. पण त्याआधी एक दुरुस्ती. ठोके सारखे म्हणजे काम तंतोतंत सारखं, असं नसतं. झिम्म्यात हात सतत वर असतात, टाळ्या असतात. हातांच्या कामाला पायांच्या कामापेक्षा ठोके जास्त पडतात, शिवाय हुरुपानेही ते थोडे चढतात. फुगडीत हात घट्ट धरलेले असताना मनगटावरचं घड्याळ चुकतंही. म्हणून तिथला १३० चा आकडा मी थोडा कमी धरेन. आणखी एक गोष्ट अशी की सरावाच्या दोन तासांत तुम्ही दोन तास नाचत नाही. कुणाची ओळ चुकते, कुणी उशिरा येते, पाणी पिणं होतं, पुढची चाल ठरवण्यात वेळ जातो. एकदा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून फक्त अंग हलतंय तेवढाच वेळ मोजा. माझा अंदाज, चाळीस ते साठ मिनिटं निघतील. तीही कमी नाहीत.

मग उरलेला फरक कुठून येतो? तुमच्या वर्णनात मला त्याची काही कारणं स्पष्ट दिसतात.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे तो ६ चा वेग तुम्ही निवडलेला नाही. चालताना प्रत्येक माणसाचं शरीर आपला एक वेग स्वतःच शोधतं. त्याच्या वर थोडंसं ढकललं तरी मनाची चव बदलते. पँटेलेइमन एक्केकाकिस हे या विषयातले मोठे संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी लिंड यांनी २००६ साली बैठं आयुष्य असलेल्या स्त्रियांना आधी स्वतःच्या वेगाने ट्रेडमिलवर चालवलं, मग त्या वेगात फक्त दहा टक्के वाढ केली. वजन जास्त असलेल्या स्त्रियांना ती वाढ नकोशी झाली, बेताच्या वजनाच्या स्त्रियांना तितका फरक पडला नाही. म्हणजे साडेपाचचा वेग सुसह्य असलेल्या बाईला सहाचा वेग लावून दिला, तर ती ट्रेडमिललाच नावं ठेवेल, आणि ते स्वाभाविक आहे. तुमच्या उंचीला सहा म्हणजे बरंच भरभर चालणं आहे. तो वेग तुम्हाला कुणी विचारून लावला नाही, हे मला खटकलं.

दुसरं कारण वेळेचं. तुम्ही बँकेतून थेट जिमला जाता. दिवसभर आकडे, रांग, तक्रारी. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासलं होतं. नव्वद मिनिटं डोक्याला ताण देणारं काम करून मग सायकल चालवली, तर माणसं एरवीपेक्षा सुमारे १५ टक्के लवकर थांबली. हृदय आणि स्नायू दमल्याची वेगळी खूण काही दिसली नाही. फक्त श्रम सुरुवातीपासून जास्त जाणवत होते. शिणलेल्या डोक्याने केलेला व्यायाम जड वाटतो तो असा. आता तुम्ही म्हणाल, मंगळागौरीचा सरावही रात्री नऊलाच असतो. हो, पण मध्ये घरी येणं, चहा, जेवण झालेलं असतं आणि आजूबाजूला मैत्रिणी असतात.

तिसरं कारण मला स्वतःला सगळ्यांत मोलाचं वाटतं: गाणं आणि सोबत. संगीतावर पुष्कळ काम झालंय. हलक्या आणि मध्यम व्यायामात ठेका असला की श्रम काही प्रमाणात कमी जाणवतात. लक्ष धाप आणि पोटऱ्यांवरून उठून गाण्यावर जातं, आणि ताल पायांना पुढचं पाऊल कधी टाकायचं ते सांगतो. सोबतीचा परिणाम त्याहून खोल आहे. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंना २०१० च्या एका छोट्या प्रयोगात एकट्याने आणि मग सर्वांनी एका लयीत वल्हवायला लावलं. कष्ट तितकेच होते, पण एका लयीत वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढली. झिम्म्यात समोरचीच्या हातावर टाळी बरोबर वेळेवर पडते, दहा जणी एकदम गिरकी घेतात, तेव्हा तुमच्या अंगात हेच घडत असणार, असं मला खात्रीने वाटतं. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसायच्या तेव्हा ओवी म्हणायच्या, मोट हाकताना मोटेवरची गाणी असायची. कष्ट तालावर घातले की सोसतात, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

आणि चौथं: मंगळागौरीचे खेळ तुकड्यातुकड्यांत असतात. पिंगा दीड मिनिटाचा, मग दम घ्यायला जरा वेळ, मग 'लाट्या बाई लाट्या'. शेवट कुठे आहे ते गाण्यावरून कळतं. ट्रेडमिलवर शेवट फक्त घड्याळात असतो, म्हणून डोळे तिथे खिळतात.

आता आवडीची मर्यादा सांगते, कारण इथे पुष्कळ जण फसतात. व्यायाम हलका ते मध्यम असेल तोवर आवड, गाणं, सोबत यांचा जाणिवेवर मोठा पगडा असतो. धाप लागून वाक्य तुटू लागलं की शरीराचे निरोप इतके मोठ्याने येतात की आवड मागे पडते आणि बहुतेक सगळ्यांनाच नकोसं वाटायला लागतं. तुम्ही याचा अनुभव घेतलेला असणार. बसफुगडी आठवा. झिम्मा खेळताना सगळ्या जणी, मध्ये दम घेत का होईना, गातात. बसफुगडी सुरू झाली की हळूहळू आवाज कमी होतात आणि शेवटी कडेला उभ्या असलेल्याच गातात. तुमच्यासाठी यापेक्षा चांगली मोजपट्टी मी देऊ शकत नाही. खेळताना आरामात गाता येत असेल तर व्यायाम हलका आहे. बोलता येतं पण गाण्याची ओळ पुरी होत नाही, तर मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोरकस. तुम्हाला बराचसा वेळ मधल्या पायरीवर हवा आहे. ४४ व्या वर्षी त्याचे ठोके ढोबळमानाने ११३ ते १३४ येतात, म्हणजे तुमचं ट्रेडमिल आणि तुमचा झिम्मा दोन्ही त्यातच बसतात. घरच्यांना हा आकडा दाखवायला हरकत नाही. स्नायू आकुंचन पावले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. ती ओढताना बाईला मजा येत होती की कंटाळा, याची ते चौकशी करत नाहीत.

मनःस्थितीबद्दल तुम्ही विचारलंय, की दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी प्रसन्नता खरी की मनाचे खेळ. खरी आहे. मात्र दोन क्षण वेगळे धरा: व्यायाम चालू असतानाचा आणि संपल्यानंतरचा. संपल्यानंतर बहुतेकांना बरंच वाटतं, अगदी नावडता व्यायाम केला तरी. सुटल्याचा आनंद त्यात असतोच. पण माणूस उद्या पुन्हा येईल की नाही, हे माझ्या अनुभवात व्यायाम चालू असताना त्याला कसं वाटलं यावर ठरतं. संशोधनाचा कौलही त्याच बाजूचा आहे. म्हणून मी बोर्गच्या आकड्याबरोबर अजून एक आकडा विचारते: उणे ५ ते अधिक ५, 'फार वाईट' ते 'फार छान'. मधोमध विचारते, शेवटी नाही. एखाद्याचा आकडा तीन वेळा सलग उण्यात आला, तर मी व्यायाम बदलते. तो माणूस महिन्याभरात यायचा बंद होणार, हे मला तोवर कळलेलं असतं. तुम्हाला संपल्यानंतरही चिडचिड होते, त्यामुळे तुमच्यासाठी तो वेग आणि ती वेळ दोन्ही चुकलेत, यात मला शंका नाही.

सगळ्यांना मंगळागौर मानवेल असंही नाही. माझ्याकडे एक शिक्षिका येतात. दिवसभर साठ मुलांशी बोलून त्यांचा घसा आणि कान दोन्ही थकलेले असतात. त्यांना ट्रेडमिल मनापासून आवडते, कारण तिथे अर्धा तास कुणी बोलत नाही. आमच्याकडे पहाटे अजिंक्यतारा चढणारे लोक आहेत, त्यांतले काही जण मुद्दाम एकटे जातात. आवड कोणती हे माणसाचा बाकीचा दिवस कसा जातो त्यावरही ठरतं.

आता तुमच्या आठवड्याकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. साखरेच्या दृष्टीने अजून एक गोष्ट महत्त्वाची. व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, पण तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. मंगळवार, शुक्रवार, रविवार हे सरावाचे दिवस असतील तर खंडाचा प्रश्न जवळजवळ सुटतो. सोमवार आणि गुरुवारी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं फिरून या, तुमच्या स्वतःच्या वेगाने, शक्य असेल तर कुणाबरोबर गप्पा मारत. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खाली राहते.

जिमचे पैसे भरलेत, तर जिम सोडू नका, ट्रेडमिल सोडा. तिथे बुधवार-शनिवार वजनं उचला. मंगळागौरीत दम सुधारतो, पण पाठ, खांदे, मांड्यांना वाढत जाणारं वजन त्यात मिळत नाही आणि चाळिशीनंतर स्नायू टिकवायला ते लागतं. साखरेचा मोठा वाटा स्नायूच वापरतात. माझा अंदाज असा की वजनं तुम्हाला आवडतील. दहा वेळा उचलायचं, ठेवायचं, जरा थांबायचं, पुन्हा उचलायचं. त्याची घडण झिम्म्यासारखीच तुकड्यांची आहे. चार वेळा करून बघा आणि मग आवड-नावड ठरवा. पहिल्या दिवसाच्या मतावर मी कधी विसंबत नाही, कारण नवीन हालचाल अवघड असते म्हणूनही नकोशी वाटते.

एखाद्या आठवड्यात पावसामुळे सराव बुडाला आणि ट्रेडमिलच करावी लागली, तर एक युक्ती करा. पहिली पाच मिनिटं अंग गरम करून तुमच्यासाठी जरा भरभर असा वेग ठेवा, म्हणजे ५.२ किंवा ५.४, आणि मग दर पाच मिनिटांनी तो थोडा थोडा उतरवत न्या. जड भाग आधी आणि हलका शेवटी ठेवला की व्यायाम करतानाही बरं वाटतं आणि आठवणही गोड राहते. ट्रेनर बहुधा उलट करतात, शेवटी वेग वाढवतात. वेळेच्या आकड्यावर नॅपकिन टाका आणि गाणी लावा, हवी तर मंगळागौरीचीच.

आवडीच्या व्यायामाचा एक धोका आहे आणि तो मी दरवर्षी पाहते. श्रम कमी जाणवतात, म्हणून माणूस प्रमाणाबाहेर करतो. श्रावणात कार्यक्रमामागून कार्यक्रम होतात आणि भाद्रपदात टाचदुखीच्या बायका माझ्याकडे येतात. गुळगुळीत फरशीवर अनवाणी, नऊवारी नेसून, वर्षभराची सवय नसताना सलग तीन तास उड्या! सरावाला बूट घाला, अनवाणी फक्त कार्यक्रमाच्या दिवशी. बसफुगडीत गुडघे पूर्ण दुमडलेल्या अवस्थेत सगळं वजन पेलतात, तुमच्या वजनाला सध्या ती दोन मिनिटांच्या पुढे नको, आणि गुडघ्याच्या वाटीपाशी दुखलं तर त्या वेळी कडेला उभं राहून गाणं म्हणा. छातीत जडपणा, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर खेळ कितीही रंगात आला असला तरी तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तदाब तपासलेला नसेल तर याच आठवड्यात तपासून घ्या.

राहिला प्रश्न नवरात्रानंतरचा. मंगळागौर संपते, भोंडला संपतो, ग्रुप पांगतो आणि नेमका तेव्हा दिवाळीचा फराळ सुरू होतो. तुमच्या ग्रुपला आत्ताच विचारून ठेवा की आठवड्यातले दोन दिवस वर्षभर चालू ठेवता येतील का. कार्यक्रम नसला तरी चालेल. लेझीम घ्या, गरबा घ्या, नाहीतर नुसत्या फिरायला जा. तुम्हाला झिम्मा आवडतो त्यात झिम्मा किती आणि त्या नऊ जणी किती, हे मला इथून सांगता येणार नाही. एक दिवस त्यांच्याबरोबर नुसतं चालून बघा, मग तुम्हालाच कळेल.

दोन आठवडे एका वहीत प्रत्येक वेळचे तीन आकडे लिहा: मधोमध विचारलेला बोर्गचा आकडा, उणे-अधिक पाचमधला आकडा, आणि थांबल्याबरोबर गळ्यापाशी हलकं बोट ठेवून दहा सेकंदांत मोजलेले ठोके गुणिले सहा. थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, म्हणून पूर्ण मिनिट मोजू नका. ते आकडे मला कळवा. बसफुगडी आणि झिम्मा वेगवेगळे लिहा, आणि गुडघा दुखला असेल तर वर येताना दुखला की खाली बसताना, तेही लिहा. पुढचं त्यावरून सांगेन.